ब्लॅक पावडर रिव्हॉल्व्हरने हरीण? आधी अंतराचं बोलू

अमेरिकेत मिळणाऱ्या 1858 रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरच्या .44 (इंचात नळीचं माप) रेप्लिकात, म्हणजे नव्याने बनवलेल्या नकलेत, साधारण 30 ग्रेन (सुमारे 2 ग्रॅम) दारू भरतात आणि वर जेमतेम 140 ग्रेनची शिशाची गोल गोळी. गोल गोळीचा वेग हवेत झपाट्याने पडतो. म्हणून हरणासाठी माझी हद्द 25 यार्ड, तीही जनावर आडवं, शांत उभं असेल आणि हाताला टेका असेल तरच. 1847 च्या कोल्ट वॉकर रिव्हॉल्व्हरमध्ये 60 ग्रेनपर्यंत दारू मावते, जोर वाढतो. नेम मात्र तुझाच राहतो. कोल्टचं लहान .36 नेव्ही रिव्हॉल्व्हर ससे-खारींपुरतंच ठेव.

कोल्टमध्ये मागची साइट (नेम धरायची खूण) म्हणजे हॅमरवरची, बार उडवायला आपटणाऱ्या भागावरची, खाच. जवळच्या अंतरावर ही रिव्हॉल्व्हरं बऱ्याचदा नेमाच्या वर मारतात, तेव्हा आपली कुठे मारते ते कागदावर बघून घे.

सहा इंची कागदी प्लेट लाव. सहा घरांपैकी (दारू-गोळी भरायच्या भोकांपैकी) हॅमरखालचं घर रिकामं ठेवून पाच भर. पाचही गोळ्या दरवेळी प्लेटमध्ये बसतात तेवढंच तुझं अंतर. 15 यार्ड निघालं तर 15. त्यापलीकडचं हरीण जाऊ दे. जखमी होऊन झाडीत शिरलेलं जनावर तडफडत मरतं, ते पाप नको.

आणि राज्याचा नियम आधी वाच, काही ठिकाणी हरणासाठी अशी रिव्हॉल्व्हरं चालतच नाहीत.