मागे बघायचं नाही

पुण्याची पोरं हल्ली टेम्पोत बाइक चढवून चेन्नई नाहीतर कोइमतूर गाठतात, दोन दिवस ट्रॅकवर फिरतात आणि तिथली भांडणं घेऊन नाना पेठेत माझ्या गॅरेजवर येतात. या महिन्यात ती पत्रातूनही आली. तेव्हा क्लच प्लेट आणि मायलेजवाल्यांनी थोडं थांबावं, यावेळची जागा ट्रॅक डेवाल्यांना, म्हणजे शर्यत नसताना पैसे भरून रेस ट्रॅकवर आपली बाइक पळवणाऱ्यांना.

प्रश्न : काका, मी कोथरूडचा, वय २९, बाइक ३९० सीसी. मद्रास मोटर रेस ट्रॅकवर दुसऱ्यांदा गेलो होतो, मधल्या ग्रुपमध्ये (ना नवशिके, ना मुरलेले). एक लिटर बाइकवाला (हजार सीसीचा) सरळ पट्ट्यात मला सुसाट मागे टाकायचा आणि वळण आलं की बैलगाडी करायचा. मी त्याच्या मागे अडकायचो. वळणातून बाहेर पडलो की तो पुन्हा गायब. पाच फेऱ्या हेच. शेवटी डोकं सटकलं आणि मी वळणात आतून घुसलो. कोपराला कोपर लागता लागता राहिला. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी बाइक थांबवतात तिथे, तो अंगावर धावून आला. चूक कोणाची?

उत्तर : तुझी. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल, पण वाच.

ओव्हरटेक सुखरूप होण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची. पुढच्याला तू दिसत नाहीस, तुला तो दिसतो. म्हणून तो कितीही हळू असो, वेडीवाकडी लाइन (वळणातली वाट) धरो, हिशेब तुझ्याच खात्यावर. मधल्या ग्रुपला साधारणपणे वळणात ओव्हरटेक करायला परवानगी असते, पण बाहेरच्या बाजूने आणि मध्ये दोनेक मीटर मोकळे सोडून. आतून घुसणं शर्यतीत चालतं, तिथे समोरच्याला ते अपेक्षित असतं. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये हे सांगितलं असणारच. तू तेव्हा इडलीच्या रांगेत असशील.

आता त्याची बाजू ऐक. समज, पट्ट्याच्या शेवटी तू १५० ला आहेस आणि तो २२५ ला. वेग दीडपट, पण ब्रेकने जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे किलोमागे सव्वादोनपट. वर त्याची बाइक तुझ्यापेक्षा वजनदार. तुझ्यासाठी जे वळण 'जरा ब्रेक दाबला की झालं' असतं, ते त्याच्या अंगावर भिंतीसारखं येतं. तो लवकर ब्रेक मारतो, घाबरून जास्तच मारतो, आणि वळणात चालत जातो. ती बाइक घ्यायला ईएमआय लागतो, चालवायला वर्षं लागतात. तुझी छोटी बाइक मात्र तुला वळणात वेग राखायला शिकवते, कारण एकदा घालवलेला वेग परत मिळवायला तिच्याकडे ताकदच नाही. त्या बाबतीत तू नशीबवान आहेस. त्याला ते माहीत नाही, आणि तुलाही नव्हतं असं दिसतं.

मग करायचं काय? तू त्याच्या मागच्या चाकाला चिकटून वळणात शिरत होतास. तिथेच सगळं फसतं. चिकटलास की तो जिथे ब्रेक मारेल तिथे तुलाही मारावा लागतो, तो एपेक्स (वाट वळणाच्या आतल्या कडेला टेकते तो बिंदू) चुकला की तूही चुकतोस, आणि नजर त्याच्या सीटवर खिळली की तो मातीत गेला तर त्याच्यामागोमाग तूही जातोस. वळणाच्या आधीच मुद्दाम मागे राहा. तीन-चार बाइक मावतील एवढं अंतर सोड. त्याच्या पलीकडे बघ, वळण जिथे उघडतं तिथे. तो अजून आडवाच असताना तुझी बाइक उभी होऊ लागलेली असेल, म्हणजे थ्रॉटल तू आधी उघडणार. बाहेर पडताना तुझा वेग जास्त, आणि त्याच्या शेजारून जायला जागा भरपूर. याला कौशल्य म्हणतात. आत घुसायला फक्त राग पुरतो.

आणखी एक, जे बऱ्याच जुन्या खेळाडूंनाही उशिरा कळतं. जागा निवडायची ती कुठली? लांब पट्ट्याच्या आधीच्या वळणात त्याला गाठून उपयोग नाही, पट्ट्यात तो तुला परत गिळणार. एकामागून एक वळणं जिथे सुरू होतात, तिथल्या पहिल्या वळणातून बाहेर पडताना त्याला मागे टाक. पुढची तीन-चार वळणं तुझी, आणि पट्टा येईपर्यंत तुमच्यात इतकं अंतर पडलेलं असेल की पुढच्या वळणात तो तुझ्या वाटेत येणार नाही.

हे जमत नसेल तर एक फेरी पिट लेनमधून हळू जा. थोडा वेळ जातो, पण समोर रिकामा ट्रॅक मिळतो. एवढे पैसे भरून तू दुसऱ्याचं मडगार्ड बघायला गेला होतास का? तरीही तोच आडवा येत असेल तर आयोजकांना सांग, ते ग्रुप बदलून देतात. त्याच्याशी भांडू नकोस. पुढच्या वेळी त्याला चहा पाज आणि मघाशी सांगितलेलं सव्वादोनपटीचं गणित समजाव.

प्रश्न : सर, मी ४१ वर्षांची, सहकारनगरला राहते. पुढच्या महिन्यात कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर माझा पहिला ट्रॅक डे आहे. वेगाची भीती वाटत नाही, मागून येणाऱ्यांची वाटते. आरसे काढायला सांगितले आहेत. रस्त्यावर मी नेहमी बाजूला होऊन वाट देते. तिथेही मागे वळून बघत राहू का? हात दाखवून बाजूला होऊ का? मला कोणाच्या वाटेत यायचं नाही.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य फार सज्जन माणसाचं आहे, आणि ट्रॅकवर तेवढंच धोक्याचं.

सन १९९२. मी पंचविशीतला, आरएक्स हंड्रेडवर. चेन्नईजवळचा ट्रॅक तेव्हा दोन वर्षांचा होता, आणि तो सरावाचा दिवस होता. मागून मोठ्या इंजिनाचा आवाज आला. पुण्यात वाढलेला मी! स्वारगेटच्या चौकात टिकायचं तर मानेला स्प्रिंग लागते. मी वळून बघितलं, हात दाखवला आणि माणुसकी म्हणून डावीकडे सरकलो. तो आधीच डावीकडून निघाला होता. आम्ही दोघेही गवतात. त्याला खरचटलं, माझं कॉलरबोन मोडलं. संध्याकाळी तो बंगळूरचा पोरगा फिल्टर कॉफी घेऊन मला बघायला आला आणि म्हणाला, "तू मला जागा दिलीस, म्हणून आपण पडलो."

त्याने जे गणित केलं होतं ते असं : मी दोन सेकंदांनी कुठे असेन. मागून येणारा प्रत्येक जण हेच गणित करत असतो. तुमचा वेग त्यात अडचणीचा नसतो. तुम्ही ऐंशीने जात असाल तर तो ऐंशी धरूनच निघतो. गणित फिसकटतं ते तुम्ही मध्येच बदललात की. आवाज ऐकून वळणात थ्रॉटल एकदम सोडलात, पुढचा ब्रेक ओढलात, सौजन्याने बाजूला झालात, की संपलं. शिवाय वळणात पूर्ण झुकलेल्या बाइकला पुढचा ब्रेक अचानक लागला, तर ती उभी राहून बाहेर फेकली जाते नाहीतर पुढचं चाक निसटतं.

आणि मागे बघण्याचा खर्च किती? ताशी १०० च्या वेगाने बाइक एका सेकंदात २८ मीटर जाते. मान वळवून परत आणायला एक सेकंद धरा. तेवढे २८ मीटर तुम्ही डोळे मिटून गेलात, वर मानेबरोबर खांदा वळला आणि खांद्याबरोबर हँडल. आरसे काढायला लावतात ते फुटून काचा ट्रॅकवर पडू नयेत म्हणून, आणि ते बघायची सवय सुटावी म्हणूनही.

तर तुमचं काम एवढंच की जी लाइन धरलीत ती धरून राहा. कोणी शेजारून गेलं तर जाऊ द्या, दचकू नका. नवशिक्यांच्या ग्रुपमध्ये बहुतेक ठिकाणी ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यात करू देतात, त्यामुळे वळणात कोणी शेजारी येणं अपेक्षितच नाही. आलंच तर ती त्याची चूक, आयोजकांच्या कानावर घाला. ट्रॅकच्या कडेला उभ्या मार्शलने निळा झेंडा दाखवला तर मागे कोणी जलद आहे एवढाच अर्थ, 'बाजूला व्हा' असा नाही. पिवळा असेल तर पुढे काहीतरी घडलंय, ओव्हरटेक कोणीच करायचा नाही. लाल दिसला की सेशन थांबलं. तेव्हाही करकचून ब्रेक नको, हात वर करून हळूहळू वेग कमी करत पिटमध्ये या.

पिटमध्ये वळायचं असेल तर बरंच आधी डावा हात वर करा आणि पिटच्या बाजूला राहा. मागे बघायला परवानगी असलेली जागा एकच, पिटमधून ट्रॅकवर येताना. तिथे नीट बघा, आणि आखलेली रेघ संपेपर्यंत ती ओलांडून आत येऊ नका.

कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचाच आहे, लहान. तिथे तुमच्याशेजारून माणसं पुन्हा पुन्हा जातील. पहिल्या दोन सेशनमध्ये राग येईल, तिसऱ्यात आवाजावरून कोण येतंय ते ओळखाल.

प्रश्न : काका, ट्रॅकला जायच्या आधी ताम्हिणीत वळणांचा सराव करू का? आणि बाइक टेम्पोत चढवण्याआधी काय काय बघू? (वय २२, निगडी)

उत्तर : ताम्हिणीत नाही. तिथे वळणापलीकडे म्हैस असते, खडी असते आणि मिसळ खाऊन निघालेली कार असते, ती तुझ्याच बाजूने. सरावच करायचा तर मोकळ्या मैदानावर सरळ रेषेत ब्रेक मारायचा कर, हळू दाबत वाढवायचा, झटका न देता. ट्रॅकवर पहिल्या दिवशी तुला तेच लागणार आहे.

बाइकचं म्हणशील तर ब्रेक फ्लुइड नवं घाल, जुन्यात पाणी मुरतं आणि चौथ्या-पाचव्या फेरीत लिव्हर स्पंजासारखी लागते. पॅड अर्धे झाले असतील तर बदल, तिथे एका दिवसात संपतात. चेन ताणून बघ. टायरच्या बाजूंना भेगा असतील तर तो टायर पुण्यातच राहू दे. हेडलाइट आणि इंडिकेटरवर टेप मार. आणि आरसे काढून घरी ठेव, टेम्पोत टाकू नकोस. कोल्हापूर यायच्या आत फुटतात.