तुमचे प्रश्न : फोटोतला चेहरा आणि खात्यातले पैसे

प्रश्न : इंदूरच्या रामबाग भागात आमचा चौदा जणींचा भजनी गट आहे. ओंकारेश्वरला जायचे असले की गाडीभाडे आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गेलो की खाण्याचे बिल बहुधा मीच देते. नंतर एकेकीकडे पैसे मागताना फार संकोच वाटतो. माझा भाचा म्हणतो की, सगळ्यांचा एक फोटो काढला की चेहरे ओळखून वाटणी करणारी आणि पैसेही परस्पर वळते करणारी सोय आता शक्य आहे. अशी सोय मिळाली तर आम्ही ती वापरावी का?

उत्तर : ताई, भाच्याचे म्हणणे तंत्राच्या दृष्टीने खोटे नाही. मात्र त्या एका सोयीत दोन निराळी कामे बांधलेली आहेत : फोटोत कोण आहे हे ओळखणे आणि त्या व्यक्तीच्या खात्यातून पैसे काढणे.

ओळखण्याचे काम असे चालते. संगणक फोटोतल्या प्रत्येक चेहऱ्याचे आकड्यांच्या एका मालिकेत रूपांतर करतो आणि ती मालिका आधी साठवून ठेवलेल्या मालिकांशी ताडून पाहतो. त्यातून साम्य किती आहे एवढेच कळते. किती साम्य असले म्हणजे ‘हीच ती’ असे मानायचे, ती मर्यादा ॲप तयार करणाराच ठरवतो. सराफ्यातल्या रात्रीच्या दिव्यांत, कोणी मान वळवलेली, कोणी डोक्यावर पदर घेतलेला, अशा फोटोत चूक होण्याची शक्यता वाढते. शिवाय ओळख अगदी अचूक झाली तरी हिशेब बरोबर येईलच असे नाही. जी फोटो काढते ती स्वतः फोटोत नसते, आणि एकादशीचा उपवास असल्यामुळे जिने भुट्ट्याच्या किसाला हातही लावला नाही ती मात्र फोटोत हसत उभी असते.

पैसे काढण्यासाठी संमती लागते, आणि समोर उभे राहणे ही संमती नव्हे. यूपीआयमध्ये पैसे देणारी व्यक्ती स्वतःच्या फोनवर रक्कम व नाव पाहून पिन टाकते, त्या क्षणी तिची संमती नोंदली जाते. या क्षणाला वळसा घालणारी कोणतीही सोय, ती कितीही सुटसुटीत असली तरी, मला मान्य नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सुविधासुद्धा फसवणुकीच्या कारणावरून १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. तेव्हा चेहरे ओळखून ॲपने फार तर नावांची कच्ची यादी करावी. ती तुम्ही तपासावी आणि पैसे प्रत्येकीने आपल्या हाताने पाठवावेत.

याहून मोठी काळजी चेहऱ्यांच्या साठ्याची आहे. पिन फुटला तर पाच मिनिटांत बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. फोटोतल्या मित्रांची नावे आपोआप सुचवणारी व्यवस्था फेसबुकने अनेक वर्षे चालवली आणि समाजातील वाढती चिंता लक्षात घेऊन नोव्हेंबर २०२१ मध्ये ती बंद करण्याचे, तसेच शंभर कोटींहून अधिक लोकांच्या चेहऱ्यांचे साचे, म्हणजे वर सांगितल्या तशा आकड्यांच्या मालिका, पुसून टाकण्याचे जाहीर केले. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमती स्वेच्छेने, विशिष्ट हेतूसाठी आणि पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली असावी, असे म्हटले आहे. तुमच्या हातात फोन आहे म्हणून उरलेल्या तेरा जणींचे चेहरे एखाद्या कंपनीकडे सोपवण्याचा अधिकार तुम्हाला मिळत नाही.

माझा सल्ला साधा आहे. महिन्याच्या सुरुवातीलाच प्रत्येकीने ठरलेली वर्गणी तुमच्याकडे जमा करावी, खर्च त्यातून व्हावा आणि उरलेली रक्कम पुढच्या महिन्यात धरावी. भिशी चालवणाऱ्या बायकांना ही शिस्त नवी नाही, आणि यात मागून पैसे मागण्याची वेळच येत नाही. ते जमणार नसेल तर बिल देताच दरडोई रक्कम लिहून तुमचा क्यूआर कोड गटावर टाकावा.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत आणि यूपीआयचा पिन वारंवार विसरतात. त्यांना चेहरा दाखवून पैसे पाठवता येतील का?

उत्तर : होय, आणि वयस्कर माणसांसाठी ही सोय मला खरोखर मोलाची वाटते. पिनऐवजी फोनमध्ये नोंदवलेला बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरून व्यवहार मंजूर करण्याची सुविधा यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयके महामंडळाने (एनपीसीआय) ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू केली. आरंभी तिची मर्यादा एका व्यवहाराला ५,००० रुपये ठेवण्यात आली. येथे चेहरा फोनच पडताळतो आणि तो बँकेकडे जात नाही, म्हणून वरच्या प्रश्नातली भीती येथे लागू होत नाही.

तरीही फोन कोणता आहे ते पाहावे. आयफोनमधील फेस आयडी चेहऱ्यावर ३०,००० हून अधिक अदृश्य ठिपके टाकून त्याची खोली मोजते. अनेक अँड्रॉइड फोन मात्र समोरच्या साध्या कॅमेऱ्यावर विसंबतात. ती पद्धत कमी भरवशाची असल्यामुळे अशा फोनवर पैशांसाठी बहुधा बोटाचा ठसा किंवा पिनच लागतो. सुविधा सुरू करण्यापूर्वी फोनमध्ये कोणाकोणाचे ठसे नोंदवले आहेत ते जरूर तपासा. खेळ खेळता यावेत म्हणून नातवाचे बोट नोंदवलेले असेल तर फोनला तोही मालकच वाटतो. ते आधी काढून टाका, आणि सासूबाईंच्या बोटांच्या रेषा वयामुळे पुसट झाल्या असतील तर त्यांची दोन-तीन बोटे नोंदवून ठेवा.

प्रश्न : माझ्या मुली जुळ्या आहेत. एकीचा आयफोन दुसरीच्या चेहऱ्याने उघडेल का?

उत्तर : उघडू शकतो. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याने फोन उघडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी असल्याचे ॲपल सांगते, पण जुळ्यांच्या, सारख्या दिसणाऱ्या भावंडांच्या आणि तेरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ती अधिक असते, हेही तीच कंपनी सांगते. दोघींनी पैशांच्या ॲपसाठी पासकोड किंवा पिन वापरावा आणि तो एकमेकींनाही सांगू नये.