जुनी मारुती 800: नवी बॅटरी घालूनही सेल्फ 'टक्' करून थांबतो, धक्का दिला की सुरू होते. गाडी विकावी का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 1998 ची, कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग). तुम्ही गोव्यात पेडण्याला राहता, पाऊस लागल्यापासून रोज सकाळी हाच प्रकार, बॅटरी गेल्याच महिन्यात बदललेली. आणि घरातले म्हणतात, चालवणाऱ्याला जमत नाही, विकून टाक. या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. हे वाक्य मी अख्खा पावसाळाभर ऐकलंय, तेही माझ्या सख्ख्या भावाकडून.

आमची 1996 ची, बाबांनी घेतलेली. बाबा गेल्यावर ती मीच चालवत होते, माशेलहून फोंड्याला शाळेत रोज. एका जुलैत तिनं असंच टक् टक् सुरू केलं. मेकॅनिकनं आधी बॅटरी बदलायला लावली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) उतरवला, आतले ब्रश घातले, बेंडिक्स (त्याचं इंजिनात अडकणारं दातेरी चाक) साफ केलं, पैसे घेतले. चार दिवस बरी चालली, पाचव्या दिवशी जैसे थे. शेवटी म्हणाला, "बाई, गाडी जुनी झाली." दादाचं निदान त्याहून सोपं होतं: "तू चोक ओढून ओढून पेट्रोल ओव्हर करतेस." अहो, ओव्हर झालेलं, म्हणजे जादा पेट्रोलनं भिजलेलं इंजिन फिरतं तरी, पेट घेत नाही एवढंच. इथं फिरतच नव्हतं. पण ऐकतो कोण!

मग आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस आला. सकाळी सातला पणजीत पोचायचं होतं. पाऊस धो धो, आई मागच्या सीटवर उपाशीपोटी बसलेली, आणि गाडी टक्. दादा आदल्या रात्री मुद्दाम आला होता. त्यानं मला उतरवलं, "सरक, मी दाखवतो" म्हणून स्वतः बसला आणि सेल्फ मारत राहिला. मी बॉनेट उघडून वाकून बघत होते. आधाराला हात टेकला तो ॲक्सिलरेटरच्या केबलवर, आणि चटका बसला. मी ओरडले. दादा म्हणाला, "इंजिन गरम असेल." गाडी काल संध्याकाळपासून उभी होती! इंजिनाला हात लावला तर थंडगार.

मी शाळेत विज्ञान शिकवते. करंटला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते, हे मी दर वर्षी फळ्यावर काढते. सेल्फला शंभर अँपिअरच्या आसपास करंट लागतो. तो इंजिनातून अर्थच्या जाड वायरीनं बॅटरीच्या मायनसला परतायला हवा. ती वाट बंद असेल तर तो मिळेल त्या धातूतून जातो, आणि आमच्या गाडीत तो त्या बारीक केबलमधून जात होता. म्हणून ती तापली, आणि म्हणूनच सेल्फला जोर मिळेना. दोन्ही हेडलाइट मिळून दहा अँपिअरच्या आसपासच खातात. ते झकास लागायचे आणि वायरिंग ठीक आहे असं वाटून सगळे फसायचे.

त्या दिवशी शेजारच्या मुलांनी उतारावर ढकलली, गाडी लगेच लागली, बाणस्तारीच्या पुलावरून वेळेत गेलो. संध्याकाळी मी पाना घेऊन अर्थची वायर इंजिनाला बसते तो बोल्ट सोडवला. खाली हिरवट-पांढरा थर. वायरीचं कव्हर थोडं चिरलं तर आत तांबं काळं पडून भुगा झालेलं. आमचं घर कुंभारजुव्याच्या कालव्याजवळ, हवा खारी. तुमच्या पेडण्याला तर समुद्रच. नवी वायर 180 रुपयांना मिळाली. बोल्टची जागा पॉलिशपेपरनं चकचकीत घासली, बसवून वर व्हॅसलिन लावलं. एका सेल्फमध्ये गाडी सुरू झाली. दादा ओट्यावर बसून बघत होता. काही बोलला नाही, आजतागायत बोललेला नाही.

तुमचीही धक्क्यावर लगेच लागते, म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय. कार्बोरेटर कुणाला उघडू देऊ नका. बॅटरीची दोन्ही टर्मिनल आधी साफ करून घट्ट करा. मग जंप केबलची एकच वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारा. जोरात फिरलं तर दोष अर्थचा. मल्टिमीटर असेल तर जंप केबल काढून तेच दोन बिंदू धरून सेल्फ मारताना मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर वायर बदला. काहीच फरक पडला नाही तर प्लसची जाड वायर आणि सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) बघावा लागेल. सेल्फ छान फिरून गाडी लागत नसती तर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) कॅपमधली ओल पुसायला सांगितलं असतं, पण तो तुमचा प्रश्न नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: वायर सोडवताना पहिल्यांदा मायनस काढा, हातातल्या बांगड्या, अंगठी उतरवा, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फ मारूच नका. आणि एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको.

विकायचं की नाही ते पत्रा किती कुजलाय यावर ठरवा, खालून चासी (गाडीचा सांगाडा) बघून घ्या. रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, तो खर्चही धरा. पण सेल्फ लागत नाही म्हणून विकू नका, आणि तुम्हाला चालवता येत नाही म्हणून तर मुळीच नाही. उद्या सकाळी घरातल्या त्याच माणसाला सेल्फ मारायला बसवा, तुम्ही हलक्या बोटानं ॲक्सिलरेटरची केबल चाचपा. गरम लागली का, मला कळवा.