उद्यमनगरच्या गॅरेजमागच्या मातीतून डिझेल खाणारा बॅक्टेरिया वेगळा केलाय (एमएस्सी प्रोजेक्ट). कोल्हापुरात जिनोम सिक्वेन्सिंग कुठं आणि कसं करून घ्यावं?

कुठं, हा शेवटचा प्रश्न. डीएनए इथं काढा, बाहेरच्या कंपनीला कुरिअर करा, दोन-तीन ठिकाणचे दर मागवा. पण तो डिझेल खातो हे कशावरून?

बुशनेल-हास या क्षारांच्या माध्यमात कार्बन नसतो, डिझेल हेच एकमेव अन्न उरतं, म्हणून चाचणी त्यातच. 100 मिलीला 1 मिली डिझेल, 30 अंश, 150 आरपीएम. डिझेल फिल्टरनं निर्जंतुक करा, ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. शेजारी बॅक्टेरिया न घातलेला फ्लास्क हवाच. हलके घटक नुसत्या हलवण्यानंही उडून जातात आणि श्रेय बॅक्टेरियाला मिळतं. तिसरा फ्लास्क डिझेलशिवाय, कारण पेशींत साठलेल्या अन्नावरही थोडी वाढ होते.

न्यूट्रियंट अगारवर (नेहमीच्या पोषक माध्यमाच्या प्लेटवर) महिनोन्महिने स्ट्रीक करत, म्हणजे रेघा ओढून वाढवत बसू नका. हायड्रोकार्बन फोडणारे जीन पुष्कळदा प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएवर असतात. स्युडोमोनास पुटिडा या बॅक्टेरियाच्या जीपीओ1 वाणाचा अल्केन (डिझेलमधले साखळी हायड्रोकार्बन) फोडणारा जीनसंच ओसीटी प्लाझ्मिडवरच आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आनंद चक्रवर्तींचा 1980 चा अमेरिकेतला गाजलेला पेटंट खटलाही अशाच प्लाझ्मिडवाल्या स्युडोमोनासचा. डिझेल मिळालं नाही की प्लाझ्मिड गळू शकतो आणि मग सिक्वेन्समध्ये अल्कबी (अल्केन फोडण्याचा जीन) सापडत नाही म्हणून रडारड.

आता शुद्धता. यावर माझे अनेकांशी वाद झालेत. एका प्रबंधाची असेंब्ली (तुकडे जोडून बनवलेला जिनोम) तपासायला आली होती. जिनोम 10 एमबीच्या (एक एमबी म्हणजे दहा लाख बेस) आसपास, आणि 'मोठ्या जिनोमची नवी प्रजाती' असं लिहूनही झालं होतं. जीसीच्या (डीएनएतल्या जी आणि सी बेसच्या प्रमाणाच्या) आलेखात दोन उंचवटे होते, एक 39 टक्क्यांजवळ, दुसरा 62 जवळ. जिनोमची शुद्धता तपासणाऱ्या चेकएम सॉफ्टवेअरनं भेसळ दाखवली. सरळ सरळ असिनेटोबॅक्टर आणि स्युडोमोनास, दोन वेगळे बॅक्टेरिया एका प्लेटवर. मार्गदर्शकांचं म्हणणं, सोळा-एस (बॅक्टेरिया ओळखण्याचा जीन) एकच आलं होतं. त्या सोळा-एसचा क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंगचा रंगीत शिखरांचा आलेख) उघडला तर मोठ्या शिखरांच्या पायथ्याशी दुसऱ्या रंगाची छोटी शिखरं ओळीनं होती. नॉइज समजून सोडून दिलेली. मूळ प्लेटवरही कॉलनीच्या कडेला पातळ, चमकदार थर दिसत होता. सिक्वेन्सिंगचे पैसे भरण्याआधी वेगळ्या केलेल्या एकाच कॉलनीचं सलग तीनदा स्ट्रीकिंग, हा माझा हट्ट आहे आणि राहील.

डीएनए क्यूबिटवर मोजा, ते यंत्र फक्त डीएनएला चिकटणाऱ्या रंगानं मोजतं. प्रकाशशोषणावर मोजणाऱ्या नॅनोड्रॉपचा आकडा त्याहून फार मोठा आला तर आरएनए राहिलाय, आरएनेझ द्या. 260/280 (260 आणि 280 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, शुद्धतेची खूण) हे 1.8 च्या आसपास हवं. बॅक्टेरिया ऱ्होडोकॉकस किंवा गॉर्डोनिया असेल तर मायकोलिक आम्लाच्या भिंतीमुळं किटमधलं साधं लायसिस (पेशी फोडणं) पुरत नाही. लायसोझाइम जास्त द्या, 37 अंशाला तास-दोन तास ठेवा, मगच प्रोटिनेझ के. 6 एमबीच्या जिनोमला 100 पट कव्हरेज (प्रत्येक बेस सरासरी 100 वेळा वाचणं) म्हणजे 600 एमबी डेटा. आखूड तुकडे वाचणाऱ्या नुसत्या इल्युमिनानं प्लाझ्मिड तुकड्यांत येतो, म्हणून पूर्ण हवा असेल तर लांब तुकडे वाचणारं नॅनोपोरही घ्या, आणि त्यासाठीचा डीएनए व्हॉर्टेक्स करू नका (यंत्रावर जोरात घुसळू नका, तुटतो).

हे सगळं डिझेलपुरतं. पेट्रोलमधलं टोल्यूइन, बेंझीन बघायचं असेल तर चाचणी बंद बाटलीत, बाष्पातून देऊन करावी लागते. आणि अल्कबी सापडला म्हणजे डिझेल फुटलं असं लिहू नका, डिझेलचे कुठले घटक कमी झाले हे दाखवणारी जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) चाचणी जोडा. कल्चर 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 80 ला आत्ताच ठेवून द्या.