‘घोरतोय, झोपू दे’ म्हणण्याआधी

प्रश्न : मुलगा (वय २४) ब्राउन शुगर (हेरॉइनची पावडर) ओढायचा. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून गेल्या आठवड्यात घरी आला. जेवतो नीट, वजनही भरलंय. आता काय सांभाळावं?
– एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : सगळ्यात जोखमीचे दिवस हेच, परतल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे. दिवसाला चार पुड्या पचवायची शरीराची सवय तीन महिन्यांत मोडलेली असते, डोक्यातलं माप मात्र जुनंच राहतं. पाय घसरला की माणूस त्याच मापाने घेतो आणि मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंदावतं. सोबत दारू किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी असेल तर थोड्या पावडरनेही तेच होतं. हे त्याला उघड सांगा. सांगितल्याने कोणी पुन्हा ओढायला लागत नाही. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडेल अशी करून घ्या. कडी लावून एकटा बसलेल्यापर्यंत मदत पोचत नाही.

खोल, घरघरतं घोरणं, मध्येच थांबणारा श्वास, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, ओठ-नखं निळसर किंवा राखाडी : ही झोप नव्हे. हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरं जोरात घासा. तरी हालचाल नाही, किंवा मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास, तर लगेच १०८ लावा आणि ‘बेशुद्ध आहे, श्वास थांबतोय’ एवढंच आधी सांगा. तोंडात काही दिसलं तर काढा, डोकं मागे झुकवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरून दर पाच सेकंदांनी एक श्वास द्या. छाती वर येत नसेल तर बहुधा डोकं पुरेसं मागे गेलेलं नसतं. श्वास अजिबात नसेल आणि छाती दाबणं येत असेल तर ३० दाबांमागे २ श्वास. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे मुडपून, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही.

लिंबू, लोणचं, मिठाचं पाणी बेशुद्धाच्या तोंडात घालू नका, ते थेट श्वासनलिकेत जातं. बादलीभर गार पाणी ओतणं, दोघांनी धरून अंगणात फिरवणं यात फक्त वेळ जातो. आणि वेळच तर नसतो.

प्रश्न : पावडरवर उतारा म्हणून नॅलोक्सोनचं इंजेक्शन घरी ठेवता येईल?

उत्तर : डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि टोचायला शिकल्यावरच. ०.४ मिलिग्रॅमची ॲम्प्यूल मांडीच्या बाहेरच्या स्नायूत देतात. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी. दारू किंवा झोपेच्या गोळीवर ते चालत नाही. खरा घोळ पुढे होतो : जागा झालेला मुलगा चिडलेला, घामाघूम असतो आणि दवाखान्यात यायला तयार नसतो. औषधाचा जोर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, पावडर अंगात असतेच, श्वास पुन्हा बुडू शकतो. म्हणून शुद्धीवर आला तरी न्यायचंच. काय घेतलं तेही डॉक्टरांपासून लपवू नका. पोलिसांची धास्ती समजते, पण उपचाराला स्वतःहून जाणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ मध्ये खटल्यापासून सूट आहे, उपचार अर्धवट सोडले नाहीत तर.

प्रश्न : भाच्याला जिभेखालची गोळी सुरू केलीय. एक नशा सोडून दुसरी, असंच ना हे?
– एक मावशी, सुदामा नगर

उत्तर : नाही. ही गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. ते मेंदूतल्या पावडरच्याच जागा अडवून बसतं, त्यामुळे तलफ शमते, पण श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. गोळी पूर्ण विरघळेपर्यंत, पाच-दहा मिनिटं, जिभेखालीच हवी. गिळली तर यकृतातच बरीचशी वाया जाते. शेवटच्या पुडीनंतर साधारण १२ तासांनी, अंगदुखी-जांभया सुरू झाल्यावरच पहिली गोळी देतात. घाईने दिली तर पावडरला हुसकावून लावते आणि सगळा त्रास एकदम उसळतो. ‘आता बरा आहे’ म्हणून घरच्यांनी परस्पर बंद करू नये. मग पहिल्या प्रश्नातल्या आईची काळजी तुमच्या वाट्याला येईल. जवळचं सरकारी केंद्र १४४४६ या मोफत क्रमांकावर विचारता येईल.