अरेंजर कीबोर्ड खरोखर सोपा असतो का?

प्रश्न : मला सिंथेसायझर घ्यायचा आहे, परंतु अनेकजण अरेंजर कीबोर्ड (ज्यावर वाजवताना ड्रम, बास वगैरेंची साथ आपोआप मिळते) सुचवतात, तर काही वादक त्याला ‘आपोआप वाजणारे खेळणे’ म्हणतात. हे वाद्य इतके खपते ते केवळ सोपे आहे म्हणून का?

उत्तर : ‘खेळणे’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. सिंथेसायझर घेणाऱ्याला आवाज घडवण्यात रस असतो. अरेंजर घेणाऱ्याला मात्र एकट्याने बसून अख्खे गाणे साथीसह वाजवायचे असते, आणि अशी इच्छा असणारी माणसे नेहमीच अधिक असतात. आपोआप साथ मिळण्याची ही सोय पूर्वी घरगुती इलेक्ट्रॉनिक ऑर्गनमध्ये होती. १९८० च्या दशकात कॅसिओ आणि यामाहा यांनी ती हलक्या, स्पीकर आतच बसवलेल्या कीबोर्डात आणली. पुढे रोलँडचा ई-२० (१९८८) आणि कोर्गचा आय३ (१९९३) यांनी व्यावसायिक वादकांनाही या प्रकाराकडे वळवले.

सोपेपणाचे मर्म साथीच्या रचनेत आहे. प्रत्येक स्टाइलमधील (म्हणजे साथीच्या तयार नमुन्यातील) बास, गिटार, तंतुवाद्ये हे भाग आधीच एका ठरावीक कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटात) वाजवून साठवलेले असतात. यामाहाच्या स्टाइलमध्ये ती बहुधा सी मेजर सेव्हन्थ असते. आपण डाव्या हाताने कॉर्ड धरली की यंत्र तिचा मूळ स्वर आणि प्रकार ओळखते व त्यानुसार या भागांचे स्वर बदलते, ड्रमचा ठेका मात्र तसाच चालू ठेवते. ज्याला कॉर्ड येत नाहीत त्याच्यासाठी एका बोटाची पद्धत असते. यामाहावर मूळ स्वराची पट्टी दाबली की मेजर, तिच्यासोबत डावीकडची सर्वांत जवळची काळी पट्टी दाबली की मायनर आणि पांढरी दाबली की सेव्हन्थ कॉर्ड मिळते. कॅसिओवर मात्र मायनरसाठी मूळ स्वराच्या उजवीकडची एखादी पट्टी दाबावी लागते. म्हणजे ही सवय एका कंपनीपुरतीच उपयोगी पडते. तीन बोटांची पूर्ण कॉर्ड सर्वत्र सारखीच चालते, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून तीच शिकावी, असे मी आग्रहाने सांगेन.

बाजारातील यशाला आणखी एक कारण आहे, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही : मूळ यंत्र साधारण तेच ठेवून त्यात निरनिराळ्या प्रदेशांचे ताल आणि वाद्यांचे आवाज भरता येतात. मध्यपूर्वेतील संगीतासाठी यामाहाने पीएसआर-ए मालिका काढली, तिच्यात पाव स्वरांचे ट्यूनिंग वाजवता-वाजवता बदलता येते.

अडचण सुरू होते ती कार्यक्रमात. एका हाताने कॉर्ड सांभाळत त्याच मात्रेत फिल-इन (ठेक्यातील छोटी भरणी), पुढची व्हेरिएशन (साथीचे बदललेले रूप) किंवा एंडिंग (शेवटचा तुकडा) द्यायची असते, आणि त्यासाठीचे बटण पॅनेलवर समोर नसून मेनूच्या आत दडलेले असेल, तर शेकडो स्टाइल असूनही वाद्य अवघड ठरते. शिवाय ही साथ आपले ऐकत नाही. गायक लयीत मोकळेपणाने मागेपुढे झाला, तर ती त्याच्यासाठी थांबत नाही.

तेव्हा आवाज घडवण्याचीच ओढ असेल, तर सिंथेसायझरच घ्या. अन्यथा खरेदीपूर्वी अरेंजरवर एक गाणे सुरुवातीपासून एंडिंगपर्यंत वाजवून पाहा, मध्येच उजव्या हाताचा आवाज बदला आणि गाणे संपल्यावर गाण्याची पट्टी, म्हणजे सूर, दोन स्वर खाली घ्या. हे सारे पुस्तिका न उघडता जमले, तर तो कीबोर्ड तुमच्यासाठी योग्य आहे.