वहीतल्या फुल्या

"मॅडम, तिथे तिला आपल्यासारखं कुणीच नाही हो."

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी किती आयांच्या तोंडून ऐकलं, त्याची गणती नाही. मी समुपदेशक आहे, वसईत बसते, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत कॅथलिक कुटुंबं बरीच. मुलं डब्लिनला, टोरांटोला, जर्मनीत, कुणी नुसती बंगळुरूला. आईला धास्ती असते की पोर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सोडेल. पोराची तक्रार वेगळी असते. त्याला मित्र असतात, पण रविवारी सकाळी ज्याला "चल" म्हणावं असं माणूस नसतं. या धास्तीवर आणि या तक्रारीवर मला जे सांगायचंय ते स्नेहलच्या निमित्ताने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, तिची परवानगी आहे.

स्नेहल २४ वर्षांची, आमच्याच पट्ट्यातल्या एका गावची. शिकायला गेली लाइपझिगला. हे शहर पूर्व जर्मनीतलं, १९९० पर्यंत चाळीस वर्षं कम्युनिस्ट राजवटीत राहिलेलं. तिथे बहुसंख्य लोक कुठल्याच धर्माचे नाहीत आणि कॅथलिक तर शेकड्यात मोजके. एकूण जर्मनीतच २०२३ या एका वर्षात ४ लाखांहून जास्त कॅथलिकांनी सरकारी कचेरीत जाऊन रीतसर चर्च सोडलं. उरलेल्या सुमारे २ कोटींपैकी रविवारी मिस्साला जाणारे शेकडा ६ च्या आसपास. पोरगी उगाच रडत नव्हती, एवढ्यासाठी हे आकडे देतेय.

आमचं बोलणं व्हिडिओवर व्हायचं. पहिल्या दोन भेटी तिने फक्त घर सांगितलं. संध्याकाळी सातची जपमाळ, लाल लुगड्यातली आजी, नाताळच्या गोठ्यासाठी शेजारच्या वाड्यातून आणलेला पेंढा, गायनवृंदातल्या मैत्रिणी. मग म्हणाली, "आंटी, इथे फ्लॅटमधली जर्मन मुलगी मला प्रेमाने विचारते, तू खरंच हे सगळं मानतेस? त्या 'खरंच'ने मी रात्रभर जागी राहते."

मी आधी सगळे सांगतात तेच सांगितलं. विद्यापीठाच्या शहरांत कॅथलिक विद्यार्थ्यांची मंडळं असतात, तिथे जा. पोलिश लोक असतात, केरळचे असतात. ती शांतपणे म्हणाली, "सगळीकडे जाऊन आले." आणि वही उघडून कॅमेऱ्यासमोर धरली.

वहीच्या शेवटच्या पानावर अकरा नावं होती. दहांपुढे फुली.

मी म्हटलं, "वाच. नाव आणि फुलीचं कारण."

ती वाचू लागली. एक जर्मन मुलगी: कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) हातावर घेते, गुडघे टेकत नाही. मल्याळी गट: भक्ती छान, पण सगळं मल्याळममध्ये. पोलिश बाई: रोज जपमाळ करते, पण अडतीस वर्षांची, दोन मुलं. विद्यार्थी मंडळातला एक: बिशपांवर टीका करतो. मग यान. "हा दर रविवारी येतो, आंटी, मागच्या बाकावर बसतो. पण त्याचा बाप्तिस्माच झालेला नाही. घरात तीन पिढ्या कुणाचाच नाही." फुली.

"अकरावं नाव?"

"ती फिलिपिनो मुलगी. ती चांगली होती. बर्लिनला गेली."

तिला कडक म्हणणं सोपं होतं. पण मला तिच्यात कडकपणा दिसला नाही, भीती दिसली. श्रद्धा हातातून निसटेल असं वाटणारं माणूस पक्का आधार शोधतं आणि जरा हलणाऱ्या प्रत्येक फांदीला नाकारतं. मी तिला एकच काम सांगितलं. "खाली गावातल्या तुझ्या पाच मैत्रिणींची नावं लिही. आणि त्यांना ह्याच कसोट्या लाव."

तिने लिहिलं. पहिलं नाव, दुसरं नाव. तिसऱ्यावर पेन थांबलं. बराच वेळ पडद्यावर मला फक्त तिच्या केसांचा भांग दिसत होता. मग हसू आलं, आणि हसता हसताच रडू.

"आंटी, ही तर प्रवचन सुरू झालं की बाहेर आंब्याखाली जाऊन उभी राहायची. आणि ही... हिला जपमाळ करताना चिंतन करायची पाचही प्रकाशाची रहस्यं सांगता येणार नाहीत."

"मग ह्या दोघी तुझ्या श्रद्धाळू मैत्रिणी कशा?"

"कारण आम्ही एकत्र होतो."

इतकी वर्षं ह्या खुर्चीत बसतेय, पण त्या चार शब्दांनी मलाही लख्ख दिसलं. वसईत आपण श्रद्धाळू मित्र शोधलेलेच नसतात. घंटा वाजते, गल्लीतली सगळी पोरं निघतात, त्यांत आपणही निघतो. एखादी आंब्याखाली उभी राहते, तरी गाव तिला मिस्साला घेऊन आलेलं असतं. भक्तीचा भार गाव उचलतं आणि आपल्याला वाटतं आपणच भक्त आहोत, आपल्या मैत्रिणीही भक्त आहेत. स्नेहलला मैत्री टिकवता येत होती. परक्या जागी ती पहिल्यापासून उभी करायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. हे शिकायचं राहून गेलं होतं, श्रद्धा कमी पडली नव्हती. हे ऐकताना तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

मी ज्या विचारपद्धतीने काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. माणसाला परिस्थितीपेक्षा स्वतःचा हट्ट जास्त छळतो, असं ते मांडत. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो: 'च'. मित्र माझ्याच वयाचा, माझ्याच भाषेचा, माझ्यासारखीच भक्ती करणारा असलाच पाहिजे. 'असेल तर फार बरं' म्हटलं की इच्छा तेवढीच राहते, पण छातीवरचा दगड उतरतो. एलिस स्वतः देव मानत नसत. जपमाळ करणारी मी गेली कित्येक वर्षं त्यांच्याच हत्याराने श्रद्धाळू मुलांची दुखणी सोडवतेय, आणि त्यांची मनापासून ऋणी आहे. हेही मी स्नेहलला सांगितलं, कारण 'खरंच?' विचारणारी तिची फ्लॅटमधली मैत्रीण माझ्या डोक्यात होती.

तिच्यासाठी मी आणखी एक खोली उघडली, पॅरिसमधली. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाला आपण गोव्याला रांगा लावतो, पण त्यांची मैत्री कशी जमली हे फारसं कुणी सांगत नाही. १५२९ मध्ये सेंट बार्ब कॉलेजातल्या एका खोलीत तिघे राहत होते. फेबर सॅव्हॉयचा, लहानपणी मेंढरं राखलेला. झेवियर नवारचा, उमराव घरातला. आणि इग्नेशियस दोघांपेक्षा १५ वर्षांनी मोठा, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडलेला. झेवियरचे भाऊ त्या युद्धात विरुद्ध बाजूने लढले होते! झेवियरला ह्या पोक्त खोलीसोबत्याची भक्ती सुरुवातीला अजिबात रुचत नव्हती, फेबर आधी वळला. १५३४ च्या १५ ऑगस्टला पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर या तिघांसह सात जणांनी एकत्र व्रत घेतलं, ज्यातून पुढे जेझुइट संघ उभा राहिला, तोवर पाच वर्षं गेली होती. वही असती तर झेवियरने इग्नेशियसपुढे फुलीच मारली असती.

"तू मिस्सा झाल्यावर किती वेळ थांबतेस?" मी पुढच्या भेटीत विचारलं.

"शेवटच्या गीताला निघते. एकटं उभं राहायला कसंतरी वाटतं."

म्हणजे तिलाही कुणी शोधत असेल, तर ती त्याला सापडणार कशी? मला वाटतं, अशा शहरात प्रत्येक श्रद्धाळू तरुण 'मी एकटाच' म्हणत पाठीमागच्या दाराने निघून जात असतो. म्हणून माझा आग्रह असतो की थांबा. दहा मिनिटं, दर आठवड्याला, त्याच मिस्साला. हातात काहीतरी काम घ्या, गाणं, वाचन, कॉफीचे कप धुणं, काहीही. कामात असलेल्या माणसाशी बोलायला लोकांना निमित्त मिळतं. 'माझी मैत्रीण होशील का' असं विचारता येत नाही, पण 'सोमवारी माझी परीक्षा आहे, प्रार्थना करशील?' असं विचारता येतं, आणि मंगळवारी समोरचा हटकून विचारतो, कशी गेली? मोठा गट मिळाला तर उत्तम. २००५ च्या कोलोनच्या जागतिक युवा दिनानंतर सुरू झालेल्या नाइटफीव्हरच्या प्रार्थनारात्री जर्मनीत होतात, केरळात उगवलेली जीझस यूथ ही तरुणांची चळवळ कितीतरी देशांत पोहोचलीय. ऑनलाइन जपमाळेलाही माझा विरोध नाही. फक्त आपली बाकावरची जागा रिकामी दिसली तर फोन करणारं एक तरी माणूस त्याच गावात हवं. आणि शुक्रवारी मांस खात नसाल तर फ्लॅटमधल्यांना साधेपणाने सांगा. लपवल्याने एकटेपणा दुप्पट होतो, आणि भाषण दिलं तरी तेच होतं.

आयांना माझं सांगणं एवढंच की रोज फोनवर "मिस्साला गेलीस का?" विचारू नका. "मिस्साला कोण भेटलं?" विचारा.

स्नेहलचं सगळं सुरळीत झालं असं नाही. मल्याळी गटात ती रमली नाही. रविवारची संध्याकाळ तिला अजून जड जाते. पण पोलिश बाईच्या घरी तिने तिच्या मुलांना घेऊन गोठा उभारला, पेंढ्याऐवजी फाडलेल्या खाकी कागदाचा. फ्लॅटमधली मैत्रीण तो बघायला आली आणि स्नेहलला निकोलाय चर्च दाखवायला घेऊन गेली. तिथे १९८९ च्या शरद ऋतूत, राजवटीविरुद्धचे मोर्चे ज्यांतून निघत त्या सोमवारच्या प्रार्थनांना देव न मानणारेही येऊन बसत.

पास्काच्या (ईस्टरच्या) आधी स्नेहलची आई पुन्हा माझ्याकडे आली. बाहेरच चप्पल काढून, घाईघाईत.

"मॅडम, त्या यानचा पास्काच्या रात्री बाप्तिस्मा आहे. ही त्याची धर्ममाता (गॉडमदर) होणार म्हणते. तो एकोणतीस वर्षांचा! चालतं का असं?"

चालतं, मी म्हटलं.

"मग त्याला काय पाठवायचं? आपल्याकडे बाळाला झबलं देतात." पिशवीतून तिने आईच्या, म्हणजे स्नेहलच्या आजीच्या जपमाळा काढून टेबलावर मांडल्या, दोन लाकडी, एक निळ्या मण्यांची. "ह्यातली कुठली पुरुषमाणसाला शोभेल, तेवढं सांगा."